चुलीची अट

माझी आत्या डूख धरणारी बाई होती. हे मी तिच्या माघारी चहाडी म्हणून सांगत नाही, ती स्वतःच सांगायची. "मी विसरत नाही, आणि विसरण्याचा मला कोणी पगार देत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. मेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक त्याला साखरेत घोळवतात. आत्याला साखर चहातसुद्धा चालत नसे. तेव्हा ती जशी होती तशीच लिहिते.

ती काजं करायची. सदऱ्यांच्या कारखान्यात दुसऱ्या मजल्यावर, खिडकीलगतच्या लांब बाकावर बारा बायका ओळीने बसायच्या. बाकी सगळा सदरा यंत्रावर शिवून यायचा, पण काज हातचं. आधी कापडाला चीर द्यायची, मग मेण लावलेल्या दोऱ्याने तिच्या कडेकडेने टाक्याला टाका भिडवत जायचं आणि टोकाला आडवा टाका घालून बंद करायचं. चीर जरा लांबली की सदरा वाया. आत्याच्या हातून सदरा वाया गेल्याचं मी कधी ऐकलं नाही. तिच्या अंगठ्याच्या पेरावर दोऱ्याने पडलेली एक खाच होती, सुटीच्या दिवशीही ती बुजायची नाही. गल्लीत तिला सगळे काजवाली म्हणत.

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. वडील पुस्तकं बांधायच्या कारखान्यात होते आणि स्वभावाने इतके मऊ, की दारातली मांजरसुद्धा त्यांना वाट देत नसे. आत्या त्यांची धाकटी बहीण. तिने लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं की "वेळ मिळाला नाही" एवढंच म्हणायची. आम्ही तिघं दोन खोल्यांत राहायचो. सकाळी उठून चूल पेटवायची, आमचं दोन्ही वेळचं करायचं, मला शाळेत सोडायचं आणि भोंगा व्हायच्या आत बाकावर बसायचं, हा तिचा दिवस होता.

आता त्या वेळचा कायदा सांगते, नाहीतर पुढचं सगळं चमत्कारिक वाटेल. माझ्या आजोबांच्या काळी मत फक्त घरमालकांना होतं. मग पुष्कळ मोर्चे निघाले, पुष्कळ डोकी फुटली, आणि भाडेकरूंनाही मत मिळालं. पण फक्त पुरुषांना, आणि तेही एका अटीवर: ज्याची चूल वेगळी, त्यालाच मत. म्हणजे जो दुसऱ्याच्या ताटात जेवत नाही तो कोणाचा मिंधा नाही, असा त्यामागचा विचार होता. हा विचार करणारे झाडून सगळे बायकोच्या हातचं आयतं खाणारे होते, हे सोडून द्या. तर आमच्या चुलीवर बाबांना मत मिळालं. त्या चुलीवर बाबांना पाणीसुद्धा तापवता येत नव्हतं.

मी सहा वर्षांची असताना कायद्याची गाठ आणखी थोडी सैल झाली. तिशी ओलांडलेल्या बायकांनाही मत मिळालं. अट तीच. आत्या तेव्हा बत्तीस वर्षांची होती. कारखान्यातून येता येता ती अर्ज घेऊन आली आणि बाबांना म्हणाली, "दादा, मी नाव घालतेय."

"घाल की," बाबा म्हणाले. त्यांना वाटलं, तेवढ्यावर भागेल.

आमच्या गल्लीच्या टोकाला कोळशाची वखार होती. तिच्या मालकाला सगळे वखारवालेच म्हणत. माणूस उंच, गळपट्टा सदा पांढरा. कोळशाच्या वखारीत गळपट्टा पांढरा ठेवणारा माणूस स्वतः कधी पोतं उचलत नाही, एवढं मला लहानपणीही कळायचं. त्यांच्या बापाचं नाव पहिल्या यादीत होतं, घरमालक म्हणून. त्यामुळे मतदारांची यादी म्हणजे आपलं परसदार, त्यात कोंबड्या शिरल्या की हाकलायच्या, अशी त्यांची समजूत होती.

आणि हाकलायची सोय कायद्यातच होती. यादी दर तीन वर्षांनी नवी व्हायची आणि पंधरा दिवस नगरपालिकेच्या फळ्यावर लागायची. यादीत ज्याचं नाव आहे असा कोणीही दुसऱ्या कोणाच्याही नावावर हरकत घेऊ शके. हरकत घेणाऱ्याला काही सिद्ध करावं लागत नसे. ज्याच्यावर हरकत, त्याने कामाचा खाडा करून हजर व्हायचं आणि आपली चूल सिद्ध करायची. वखारवाले पेन्सिल घेऊन फळ्यापुढे उभे राहत आणि दर वेळी तीस-चाळीस नावं टिपून नेत. कोणाच्या घरी किती कोळसा जातो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? अर्धे लोक खाडा परवडत नाही म्हणून सुनावणीला यायचेच नाहीत, आणि त्यांची नावं आपोआप गळायची.

आत्याच्या नावावरही त्यांची हरकत आली, आणि ती खाडा करून सुनावणीला गेली. तिने घरात स्वतःची म्हणून एक छोटी लोखंडी शेगडी आणून ठेवली होती. वखारवाले म्हणाले, "एका घरात पोतं एकच जातं. धुराडं एक. शेगड्या दहा ठेवा, चूल एकच." नाव गेलं.  दुसऱ्या दिवशी तिने जिन्यापलीकडची रिकामी खोली पाहिली आणि महिन्याभरात तिथे बिऱ्हाड हलवलं.

खोली म्हणजे एक खाट, एक खिडकी आणि शेगडी. बाबांना वाईट वाटलं. "मतापायी घर सोडतेस?" ते म्हणाले.

"घर कुठे सोडलंय? सात पावलं आहेत, मोजून घे," आत्या म्हणाली.

खरंच सात होती. ती सकाळी सात पावलं टाकून आमच्याकडे यायची, आमची चूल पेटवायची, सगळ्यांचं करायची आणि आमच्याबरोबर जेवून कामावर जायची. संध्याकाळी परत तेच. मी होते, बाबा होते, आम्हाला टाकून ती एकटी खोलीत काय शिजवून खाणार? शेगडी खोलीत नुसती बसून असायची.

मी नऊ वर्षांची झाले आणि नवी यादी लागली. आत्याचं नाव होतं. वखारवाल्यांची हरकतही होती. आणि हरकतीच्या कागदावर साक्षीदार म्हणून लिहिलं होतं: अर्जदार बाईची भाची.

मला नवा फ्रॉक घालून नेलं हे आठवतं. नगरपालिकेची खोली लांबट होती, टेबलावर हिरवं कापड, त्यावर शाईचा एक मोठा डाग, आणि खुर्चीत एक जाडे अधिकारी, ज्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. नगरपालिकेच्या तपासनिसाने सांगितलं की सकाळी अकरा वाजता खोली उघडून घेतली, शेगडीला हात लावला, थंड होती. आत्या म्हणाली, "अकराला मी कामावर असते. तुमची चूल अकराला गरम असते, कारण तुमची बायको घरी असते." अधिकाऱ्यांनी घड्याळावरून नजर काढून एकदा तिच्याकडे पाहिलं. मग वखारवाले खाली वाकले, माझ्याकडे बघून हसले आणि गोड आवाजात म्हणाले, "बाळ, आत्या कुठे जेवते गं?"

शाळेत आम्हाला शिकवलं होतं, मोठ्यांनी विचारलं की खरं सांगावं. मी म्हणाले, "आमच्याकडे."

"रोज?"

"रोज."

"शाब्बास, खरं बोललीस." त्यांनी खिशातून लिंबाची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. अधिकाऱ्यांनी यादीवर रेघ मारली. वखारवाले टोपी घालता घालता त्यांना म्हणाले, "काजं करणाऱ्या बाईला मत हवंय. भोक पाडायचं आणि कडेने शिवायचं, यांना राज्यकारभार काय कळणार?" दोघं हसले.

ती गोळी मी खाल्ली. हे लिहायला मला चाळीस वर्षं लागली आहेत. आत्या माझा हात धरून चालत होती आणि मी गोळी चघळत होते. घरी पोचेपर्यंत मला कळलं होतं की मी काहीतरी भयंकर केलंय. मी रडायला लागले. आत्याने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तू खरं बोललीस. खरं बोलल्याबद्दल रडायचं नाही. ज्याने खऱ्याचा असा उपयोग केला, त्याचं मी बघते."

मी तिला विचारलं, "कधी?"

"घाई नाही," ती म्हणाली.

बायकांनी चूल आणि मूल सांभाळावं म्हणून ऊर बडवणारे हेच लोक, आणि दोन्ही सांभाळणारीला तुझी चूल कुठे आहे असं विचारणारेही हेच. मला आजही हे आठवलं की कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवसापासून आत्याची शेगडी पेटली आणि पुढे बारा वर्षं ती विझली नाही. म्हणजे सकाळी पेटवायची, वर भांड्यात पाणी आणि पाण्यात एक बटाटा. जाताना निखाऱ्यावर राख सारून ठेवायची. तपासनीस कधीही आला तरी शेगडीला हात लावला की चटका बसावा आणि झाकण काढलं की आत अन्न दिसावं. संध्याकाळी तो बटाटा ती आमच्याकडे आणायची आणि तो आमच्या जेवणात पडायचा. त्या बारा वर्षांत मी जेवढे बटाटे खाल्ले तेवढे शिपायांनीही युद्धात खाल्ले नसतील. एकदा मी कंटाळून म्हणाले, "आत्या, निदान कधीतरी कांदा उकड." ती म्हणाली, "कांद्यावर हरकत घेतील. कांदा म्हणजे जेवण नव्हे म्हणतील."

कोळसा ती वखारवाल्यांकडूनच घ्यायची. गल्लीपलीकडे आणखी एक वखार होती, पण नाही. दर आठवड्याला स्वतः जायची, पोतं स्वतःच्या नावाने मागायची आणि चार माणसं उभी असताना मोठ्याने म्हणायची, "काका, माझ्या चुलीला." वखारवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. पण गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार?

मी बारा वर्षांची असताना तिसरी सुनावणी झाली. तपासनिसाने शेगडीला हात लावला आणि बोट चोखत बाहेर आला. आत्याचं नाव यादीत लागलं. एकोणचाळिसाव्या वर्षी ती पहिल्यांदा मत द्यायला गेली, परत आली आणि आमची भांडी घासायला बसली. बाबांनी विचारलं, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "मत दिलं. अजून एक काम राहिलंय."

कोणतं काम ते मला कळलं होतं. यादीत नाव आलं म्हणजे नुसतं मत आलं नाही, हरकत घ्यायचा हक्कही आला. पण वखारवाल्यांवर हरकत घेणार कशाची? घर स्वतःचं, चूल स्वतःची, दोन मजल्यांचं धुराडं. आत्या मात्र दर वेळी फळ्यापुढे जायची, आधी त्यांचं नाव वाचायची, मग स्वतःचं. कारखान्यातल्या बायका तिला म्हणायच्या, अमकीवर घे की हरकत, तमक्याच्या मामावर घे. तिने कोणावरही घेतली नाही. "मला दुकान काढायचं नाही. मला एकच हवी आहे," म्हणायची.

तिने सहा वर्षं वाट पाहिली. मांजरही बिळापाशी इतकं बसत नाही.

मी अठरा वर्षांची झाले त्या वर्षी आम्ही दोघी कोळसा आणायला गेलो. वखारीच्या फाटकाशी, तुटक्या पाट्यांच्या ढिगावर, एक मोठी जुनी लोखंडी चूल उलटी पडली होती. आत पाणी साचलेलं, कडांना गंज. आत्या थांबली.

"काका, ही चूल इथे कशी?"

वखारवाले आता सत्तरीला टेकले होते. बायको वारली होती, गुडघे गेले होते. खुर्चीत बसून ते मजेत म्हणाले, "आता काय करायचीय? घर, वखार, सगळं मुलाच्या नावावर करून टाकलं. सून करते, मी आयतं खातो. म्हातारपणी एवढं सुख नको?"

"हवंच की," आत्या म्हणाली. "नक्की हवं."

 घरी आल्या आल्या तिने सुईत दोरा ओवला, पण शिवायला काही घेतलंच नाही. असं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "स्वतःच्या तोंडाने सांगितलं गं त्यांनी," ती म्हणाली. "आयतं खातो म्हणाले. तू ऐकलंस ना?"

त्या वर्षीची यादी महत्त्वाची होती. सरकारने लोकांचा कौल मागितला होता: चुलीची अट ठेवायची की काढायची? काढली तर एकवीस वर्षं पुरी झालेल्या सगळ्यांना मत, कोण कुठे जेवतं ते विचारायचं नाही. कौल द्यायचा तो मात्र जुन्याच यादीतल्यांनी. वखारवाले गुडघे दुखत असताना दारोदार फिरून सांगत होते, अट काढली तर उद्या रस्त्यावरचे येऊन तुमच्यावर राज्य करतील. आणि यादीत त्यांचं स्वतःचं नाव होतंच, नेहमीच्या जागी. तीस-चाळीस नावांच्या चुली मोजणाऱ्या माणसाला, आपण स्वतःच आता दुसऱ्याच्या चुलीवर जेवतो, हे सुचलंच नव्हतं. ती त्यांची एकमेव चूक, आणि आमच्या गल्लीत दुसऱ्या कोणाच्या हातून ती झाली नसती. बाकी सगळे आपण कुठे जेवतो हे पाठ करून होते.

आत्याने हरकतीचा कागद सुवाच्य अक्षरात लिहिला. साक्षीदाराच्या जागी लिहिलं: वखारवाल्यांची नात.

 नात आठ-नऊ वर्षांची होती, दोन वेण्या घालणारी. मी म्हणाले, "आत्या, तिला नको." आत्याने कागदाची घडी घातली. सुनावणीच्या सकाळी तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पुडी घेतली आणि पिशवीत टाकली. लिंबाच्या गोळ्या. मला तिची भीती वाटली, खरंच सांगते. मला वाटलं, एवढा राग बरा नाही. आणि त्याच वेळी वाटलं, होऊन जाऊ दे.

खोली तीच होती. हिरव्या कापडावर डागही तोच. अधिकारी मात्र नवे, तरुण, चष्मा लावलेले. वखारवाले नातीच्या खांद्यावर हात ठेवून आले. बसता बसता म्हणाले, "साहेब, ही बाई माझ्यावर जुना राग धरून आहे. हा काही कायदा नव्हे, हा सूड आहे."

"आहेच," आत्या म्हणाली. "राग असेल त्याने हरकत घेऊ नये असं कायद्यात कुठे लिहिलंय, ते साहेबांनी दाखवावं. मी कागद मागे घेते."

साहेबांनी पानं उलटली. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

"साक्षीदार हजर आहे?" त्यांनी विचारलं. नात उभी राहिली. पाय जुळवून, हात मागे, शाळेत उभं राहतात तशी. मी तिच्याकडे पाहू शकले नाही. आत्याने पिशवीत हात घातला, पुडी काढली आणि टेबलावर ठेवली.

मग ती म्हणाली, "साहेब, या मुलीला मी काहीही विचारणार नाही. कोणीच विचारू नये. तिला फक्त इथे बसू द्या." आणि ती वखारवाल्यांकडे वळली. "काका, तुम्हीच सांगा. तुमच्या नातीसमोर सांगा. काल कुठे जेवलात?"

वखारवाल्यांनी तोंड उघडलं आणि नातीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच पाहत होती. तिला ठाऊक होतं काल आजोबा कुठे जेवले, त्यांच्या शेजारीच बसली असेल ती. खोटं बोलणं किती सोपं होतं. दुसरं कोणी नसतं तर ते बोललेही असते, मला शंका नाही.  त्यांचा गळपट्टा अजून पांढरा होता, पण सैल झाला होता.

"सुनेकडे," ते म्हणाले.

"रोज?"

"रोज."

साहेबांनी रेघ मारली. आवाजसुद्धा झाला नाही. आत्याने पुडी सोडली, एक लिंबाची गोळी काढली आणि वखारवाल्यांच्या पुढ्यात, त्या शाईच्या डागावर ठेवली.

"शाब्बास," ती म्हणाली. "खरं बोललात."

मी हसले. मोठ्याने हसले, साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं तरी हसू थांबेना. मग तेच हसू रडण्यात गेलं आणि आत्याने मला दंडाला धरून बाहेर आणलं. लोक म्हणतात, सूड घेऊन काही मिळत नाही. मला मिळालं. नऊ वर्षं माझ्या तोंडात त्या गोळीची चव होती, ती त्या दिवशी गेली.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि आत्याचा पीळ तर दुहेरी होता. दुसऱ्या दिवसापासून वखारवाले रस्त्यात, वखारीत, न्हाव्याच्या दुकानाबाहेर, कुठेही दिसले की ती थांबायची आणि आदराने विचारायची, "काका, जेवलात का?"

आता हा काही शिवी देण्याचा प्रकार नव्हे. जगात सगळेच सगळ्यांना हे विचारतात. कोणी तक्रार करणार तर काय म्हणून करणार? पण गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पोरं मागे तोंड दाबून हसायची. वखारवाले "हो हो" म्हणून काठी टेकत सटकायचे. पुढे पुढे ते आत्या दिसली की पलीकडच्या बाजूला जायचे. मग आत्याही पलीकडच्या बाजूला जायची. तीन वर्षं तिने हा प्रश्न एक दिवस चुकवला नाही. बाबा एकदा म्हणाले, "आता पुरे कर. म्हातारा माणूस आहे." आत्या म्हणाली, "मी पण होतेय."

कौल लागला. चुलीची अट गेली, चांगल्या दणदणीत फरकाने गेली. वखारवाल्यांचं एक मत पडलं असतं तरी काही बिघडलं नसतं, हे मी आत्याला बोलून दाखवलं. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यांचं नाव गेल्याने फरक पडावा असं मला वाटत नव्हतं. माझं नाव गेल्याने त्यांना तरी काय फरक पडला होता?"

मी एकवीस वर्षांची झाले आणि निवडणूक आली. बाबांच्याच घरात राहणारी, स्वतःची चूल नसलेली मी, माझं नाव यादीत होतं. कारखान्याच्या बाकावरच्या बाराही जणींची होती. आणि त्याच कायद्याने, कोण कुठे जेवतं हे न विचारणाऱ्या कायद्याने, वखारवाल्यांचंही नाव परत आलं होतं. आत्याने ते फळ्यावर बोट ठेवून मला दाखवलं. "बघ. आलेत परत. माझ्या मतावर आलेत," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो काही साधूसंताचा नव्हता.

मतदान शाळेत होतं. त्या सकाळी आत्याने शेगडी पेटवली नाही. आमच्याकडे पोटभर जेवून आम्ही दोघी रांगेत जाऊन उभ्या राहिलो. आमच्या पुढे चार माणसं सोडून वखारवाले होते, काठीवर भार देऊन. रांगेतल्या लोकांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा आत्याकडे पाहिलं. सगळे प्रश्नाची वाट बघत होते. मीसुद्धा बघत होते. एवढी माणसं पुन्हा कधी जमायची?

मधल्या चौघांनी आम्हाला पुढे घातलं. आम्ही वर्गात शिरलो तेव्हा कारकून त्यांचं नाव शोधत होता. मतपत्रिका हातात घेऊन ते वळले आणि समोर आत्या. तिने तोंड उघडलं.

"जेवलो," वखारवाले तिच्या आधी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. "सुनेकडे जेवलो. रोज तिथेच जेवतो."

कारकून भांबावला. "आजोबा, ते आता विचारत नाहीत."

"माहीत आहे मला. हिला सांगतोय."

ते पडद्याआड गेले. आत्या तशीच उभी. विचारायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं आणि हातात सुईही नव्हती. मी त्या माणसाला माफ केलेलं नाही, आत्याने केलं असेल असंही मला वाटत नाही. पण ती टेबलापाशी गेली, तिने आपलं नाव सांगितलं, आणि कारकून मतपत्रिका पुढे करत असताना ती घ्यायच्या आधी म्हणाली, "मी भावाकडे जेवते. खोली घेतली त्या दिवसापासून, दोन्ही वेळा. ही माझी भाची नऊ वर्षांची असताना या लोकांसमोर खरं बोलली होती. तेवढं लिहून घ्या."

कारकुनाने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "बाई, त्याला रकाना नाही."

"मग ऐकून घ्या," आत्या म्हणाली, आणि मतपत्रिका घेऊन पडद्याकडे गेली.